सोळा-सतराचा पाना

अख्ख्या मालिकेत ती चारच भागांत येते.
कप्तान वर तारे बघत असताना
जहाजाच्या पोटात, तेलकट कपड्यांत,
पंप दुरुस्त करणारी झिरा.
मला तीच व्हायचं होतं.

"जिरं?" आई म्हणाली पहिल्यांदा.
मग म्हणाली, अगं आमच्या सिन्नरकडे
झिरा म्हणजे नदीच्या वाळूत उकरलेला खड्डा,
वाटी वाटीनं हंडा भरायचा.
मी म्हटलं, ही ती नाही.
आईनं बाबांच्या कंपनीतल्या जुन्या डांगरीला
माझ्या मापानं टिपा घातल्या.
खिशावरचं 'अंबड' मी उसवू दिलं नाही.

खांद्यावरचं चिलखत योगा मॅटचं.
बाबांनी ते व्हर्नियरनं मोजलं.
योगा मॅटला कोण व्हर्नियर लावतं?
पण सांध्यात फट ठेव म्हणाले,
नाहीतर हात वर करताना रडशील.
आणि पेटीच्या तळातून
सोळा-सतराचा पाना काढून दिला,
स्वतःचा, शिकाऊ असतानाचा.
"हरवू नकोस."
एवढंच.

रविवारी मामाच्या ओम्नीत पाच जण,
त्यात अद्वय, ज्याला फक्त मिसळ हवी होती.
द्वारकेच्या सिग्नलला रिक्षावाला बघत राहिला,
शेवटी विचारलंच, "गॅरेज कुठंय ताई?"
मामा इतका हसला की सिग्नल सुटलेला कळला नाही.

मेळा लग्नाच्या लॉन्सवर.
कमानीवर कालच्या नवरा-नवरीची नावं तशीच,
खाली भालेवाले, पंखवाल्या, निळ्या केसांचे,
एक सात फुटी ड्रॅगन
शेपटी काखेत धरून पाणीपुरीच्या रांगेत.
माझ्या घशात काहीतरी आलं.
एवढे सगळे होते? नाशकात?
मी तर तीन वर्षं कॉलेज रोडवरून
एकटीच आहे असं समजून चालत होते.

गेटवर पाना अडवला.
"लोखंड आत नाही."
बाबांनी वाद घातला नाही. पाना घेतला
आणि पार्किंगमध्ये कडुनिंबाखाली थांबले.

आत मला कोणी ओळखलं नाही.
एकानं विचारलं, प्लंबर का?
एकीनं, बाथरूम कुठंय?
मी सांगितलं. मला माहीत होतं.
तरी मजा आली, खरंच.
बिल्ले घेतले. एका मुलाशी अर्धा तास भांडले
की तिसऱ्या पर्वाचा शेवट वाईट नाही, घाईचा आहे,
आणि घसा बसेपर्यंत कुणाशी असं भांडता येतं
हेच मला नवीन होतं.
आई पंखवाल्यांना सेफ्टी पिना वाटत फिरत होती.
मामानं तलवारवाल्याबरोबर फोटो काढून
गावच्या ग्रुपवर टाकलासुद्धा.

चारला बाहेर आले तर
बाबांभोवती तिघं बसलेली,
त्यांत तो ड्रॅगन, डोकं काढून मांडीवर ठेवलेलं.
बाबा पान्यानं मातीत आकृती काढत होते.
"तर मुख्य पंप बंद, बरोबर?
पाणी चाळीस मिनिटांचं, मग भट्टी फुटणार.
वॉशर नाही. मग ही काय करते,
स्वतःच्या बुटाचा तळ कापते.
नाव पण कुणाला माहीत नाही पोरीचं,
पण अख्खं जहाज..."

आठवा भाग.
जेवताना मी सांगायचे तेव्हा
ते भाकरी मोडत बातम्या बघायचे.
बातम्या, म्हणे.

ड्रॅगननं मान वर केली,
आधी पाना पाहिला, मग मला.
"अरे! झिरा!"

मखमलाबादच्या मळ्यात पोचलो तोवर
मिसळ संपलेली. अद्वय रडायच्या बेतात.
भजी मिळाली, ताक मिळालं,
द्राक्षांच्या मांडवाशेजारी एक खाट मिळाली.
चिलखताची एक पट्टी निघून
ताकाच्या ग्लासात लोंबत होती,
कोणी काही बोललं नाही.

मग आईनंच विचारलं, भजं मोडता मोडता,
"काय गं, येतं का शेवटी
पाणी, तिच्या त्या पंपाला?"

"येतं," बाबा म्हणाले,
माझ्या आधी.